ऑक्टेव्हमध्ये फलनांचे आलेख: चोवीस चित्रांच्या कामाच्या नोंदी

कॅल्क्युलसच्या एका सराव-पुस्तिकेसाठी मला चोवीस आलेख तयार करायचे होते. सूत्रे ठरलेली होती आणि संगणक हाताशी होता, म्हणून मी सहा दिवसांचा अंदाज बांधला. प्रत्यक्षात अडतीस दिवस लागले. हा वेळ कुठे गेला आणि कोणती चूक कशामुळे झाली, हे त्या त्या दिवशी लिहून ठेवत गेलो. असेच काम हाती घेणाऱ्याला या नोंदींचा उपयोग व्हावा, म्हणून त्या जवळजवळ जशाच्या तशा देत आहे. आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करावी लागतात.

५ जानेवारी

साधन म्हणून ग्नू ऑक्टेव्ह हे आकडेमोडीचे आणि आलेखांचे सॉफ्टवेअर निवडले. ते मुक्त सॉफ्टवेअर असल्यामुळे परवान्याचा खर्च नाही, आणि मॅटलॅब या त्याच प्रकारच्या सॉफ्टवेअरसाठी लिहिलेल्या साध्या आज्ञा त्यात बहुतेक तशाच चालतात. बसवून घेण्यात अर्धा तास गेला. पहिला आलेख क्ष-वर्गाचा होता. क्ष म्हणजे इथे एक संख्या नसून संख्यांची लांबलचक ओळ असते, हे लक्षात न घेता मी तिला थेट घातचिन्ह लावले. ऑक्टेव्हने लगेच हरकत घेतली आणि घातचिन्हाआधी टिंब द्यायला सुचवले. टिंब दिल्यावर प्रत्येक संख्येचा स्वतंत्रपणे वर्ग होतो आणि पॅराबोला उमटतो.

दुसरा आलेख साइन(क्ष) भागिले क्ष याचा होता. क्ष उणे २० पासून २० पर्यंत, ०.१ च्या अंतराने घेतला होता. भागाकाराच्या चिन्हाआधी टिंब द्यायला मी विसरलो, आणि या वेळी ऑक्टेव्हने कसलीही तक्रार केली नाही. खिडकी उघडली, अक्ष आले, पण वक्र काही दिसेना. रंग, रेषेची जाडी, अक्षांच्या मर्यादा हे सगळे बदलून पाहण्यात दीड तास घालवल्यावर य-ची किंमत छापून पाहिली, तेव्हा ४०१ संख्यांच्या जागी उणे ०.००२४ च्या आसपासची एकच संख्या बाहेर आली. दोन समान लांबीच्या ओळींमध्ये टिंबाशिवाय भागाकार केला की ऑक्टेव्ह तो आव्यूहांचा (मॅट्रिक्सचा) भागाकार समजते आणि लघुतम वर्ग पद्धतीने एकच उत्तर काढते. गणित म्हणून ते बरोबर असते, म्हणूनच चूक दाखवली जात नाही. त्या दिवसापासून आलेखाची आज्ञा देण्याआधी मी क्ष आणि य यांची लांबी छापून पाहू लागलो.

७ जानेवारी

त्याच आलेखात टिंब घातल्यावर वक्र नीट आला, पण तो मोठा करून पाहिल्यावर शिखरावर बारीकशी फट दिसली. क्ष = ० या बिंदूवर शून्य भागिले शून्य होते आणि ऑक्टेव्ह तिथे 'नॅन' ठेवते, म्हणजे 'ही संख्याच नव्हे' अशी खूण. असा बिंदू लागला की रेषा तुटते. इथे सीमामूल्य १ आहे, म्हणून क्ष शून्य असेल तिथे य-ला १ ही किंमत देणारी एक ओळ लिहिली आणि फट बुजली.

ही ओळ वाचवण्यासाठी मी आधी ऑक्टेव्हचे तयार 'सिंक' हे फलन वापरून पाहिले होते. ते पाय (π) घेऊन व्याख्यायित आहे, म्हणजे साइन(पाय गुणिले क्ष) भागिले (पाय गुणिले क्ष). त्यामुळे त्याचा वक्र ३.१४ऐवजी १ वर अक्षाला छेदत होता. एरवी आकार हुबेहूब असल्यामुळे नुसत्या नजरेला ही चूक सापडली नसती. सूत्राखाली मी छेदबिंदू लिहिले होते आणि ते आकड्यांशी जुळेनात, एवढ्यामुळेच ती पकडता आली.

१० जानेवारी

वर्तुळ. कोन ० पासून २ पाय पर्यंत ०.१ च्या अंतराने घेतला आणि कॉस व साइन यांच्या जोड्या आखल्या. वर्तुळ अंड्यासारखे आले आणि उजव्या बाजूला किंचित उघडे राहिले. अंड्याचा आकार 'ॲक्सिस इक्वल' या आज्ञेने गेला, कारण दोन्ही अक्षांचे प्रमाण तोवर वेगवेगळे होते. उघडे राहण्याचे कारण म्हणजे २ पाय म्हणजे सुमारे ६.२८३, आणि ०.१ च्या पावलांनी चालत गेले की शेवटचा मुक्काम ६.२ वर पडतो. शेवटचे टोक गाठायचेच असेल तर पाऊल ठरवण्यापेक्षा दोन टोके आणि बिंदूंची संख्या देणारी 'लिनस्पेस' ही आज्ञा वापरावी. पुढे सगळीकडे तीच वापरली.

१२ जानेवारी

टॅन(क्ष), उणे २ पाय ते २ पाय, लिनस्पेसने १००० बिंदू. चित्र पाहून धक्काच बसला. उभ्या अक्षावर शेकड्यांचे आकडे, मधोमध जवळजवळ सपाट रेषा, आणि चार ठिकाणी वर-खाली गेलेल्या सुया. सर्वांत मोठी किंमत सुमारे ६३६ निघाली. हा ६३६ टॅनचा कोणताही गुणधर्म नाही; माझ्या १००० बिंदूंपैकी एक बिंदू ३ पाय भागिले २ च्या किती जवळ पडला, एवढेच तो सांगतो. बिंदू १००० ऐवजी ९०० घेतले की हा आकडा बदलतो.

उभ्या अक्षाची मर्यादा उणे ६ ते ६ ठेवली. आता टॅनचा ओळखीचा आकार दिसला, पण प्रत्येक अनंतस्पर्शीच्या, म्हणजे वक्र जिच्या जवळ जवळ जात राहतो त्या रेषेच्या, जागी एक उभी रेषा राहिली. अनंतस्पर्शी मुद्दाम दाखवल्यासारखी ती दिसते आणि पाहणाऱ्याला सोयीचीही वाटते, परंतु ती फलनाचा भाग नाही. एका बाजूचा शेवटचा उंच बिंदू आणि दुसऱ्या बाजूचा पहिला खोल बिंदू यांना प्रोग्रामने सरळ जोडल्यामुळे ती उमटते. शिकणाऱ्याच्या मनात ती रेषा आलेखाचाच भाग म्हणून बसली, तर टॅन तिथे अखंड आहे असा समज होईल. म्हणून ती काढणे मला आवश्यक वाटले.

उपाय सोपा निघाला. य-चे केवलमूल्य २० पेक्षा जास्त असेल तिथे नॅन ठेवला. परवा शिखरावर त्रास देणारी तीच खूण आज कामी आली: नॅनपाशी रेषा तुटते आणि दोन शाखा वेगळ्या होतात. खऱ्या अनंतस्पर्शी मग तुटक, फिकट रेषांनी वेगळ्या काढल्या.

१३ जानेवारी

हीच युक्ती पूर्णांक भागाच्या फलनाला, म्हणजे 'फ्लोअर'ला, लागू पडली नाही. तिथे उडी फक्त १ ची असते. किंमत मोठी झाल्यावर तोडायचे म्हटले तर तोडायला काही मिळतच नाही, आणि पायऱ्यांच्या मधल्या उभ्या रेषा तशाच राहतात. म्हणून लागोपाठच्या दोन किमतींमधला फरक 'डिफ'ने काढला आणि तो अर्ध्यापेक्षा जास्त असेल तिथे नॅन टाकला. डिफच्या ओळीत मूळ ओळीपेक्षा एक संख्या कमी असते, हे विसरल्यामुळे पहिल्या प्रयत्नात प्रत्येक पायरीचा पहिला बिंदू उडण्याऐवजी आधीच्या पायरीचा शेवटचा बिंदू उडाला. पायरीचे डावे टोक भरीव टिंबाने आणि उजवे टोक पोकळ वर्तुळाने दाखवायचे होते. पोकळ वर्तुळ आणि रेषा यांच्यामध्ये अंतर दिसू लागले, तेव्हा ही चूक कळली.

नॅन घालण्यासाठी अस्तित्वातला बिंदू पुसण्याऐवजी दोन बिंदूंच्या मध्ये नवा नॅन घुसवणे अधिक बरे, कारण त्यात खरा बिंदू गमवावा लागत नाही. त्यासाठी आठ ओळींचे एक छोटे फलन लिहून ठेवले आणि टॅनचा आलेखही त्यानेच पुन्हा काढला. तिथे उडी ओळखायला किमतीचा आकार न पाहता कॉसचे चिन्ह कुठे बदलते ते पाहिले.

१६ जानेवारी

आजची नोंद लांब आहे, कारण या दिवसाने सगळ्या कामाची दिशा बदलली.

वारंवारता वाढली की आलेख कसा दाटतो हे दाखवण्यासाठी साइन(क्ष), साइन(१० क्ष) आणि साइन(१०० क्ष) असे तीन आलेख एकाखाली एक ठेवले होते. क्ष ० ते २ पाय. लिनस्पेसला बिंदूंची संख्या सांगितली नाही तर ते आपणहून १०० बिंदू घेते, आणि मी संख्या सांगितली नव्हती. पाने छापून एका सहकाऱ्याला पाहायला दिली. तो म्हणाला, "अरे, खालचा आलेख शंभरपट दाट असायला हवा ना? हा तर वरच्याचीच नक्कल आहे."

मी आधी सूत्र चुकीचे टाइप झाले असेल म्हणून शोधले. सूत्र बरोबर होते. मग कागद घेऊन हिशेब केला. १०० बिंदू म्हणजे ९९ अंतरे, म्हणजे प्रत्येक बिंदू २ पाय भागिले ९९ च्या पटीत येतो. त्याला १०० ने गुणले की २ पायच्या पूर्ण पटी गळून जातात आणि उरते ते नेमके साइन(क्ष)च्या त्याच बिंदूवरची किंमत. म्हणजे त्या शंभर ठिकाणी दोन्ही फलने खरोखरच समान आहेत. मधल्या प्रत्येक अंतरात वक्र एकेकदा पूर्ण वर-खाली होऊन येत होता आणि माझ्या बिंदूंना त्याचा पत्ताही नव्हता. खात्री करण्यासाठी साइन(९९ क्ष) आखून पाहिले: सरळ आडवी रेषा, आणि उभ्या अक्षावर १० च्या उणे चौदाव्या घाताच्या आसपासचे आकडे.

यात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही की चित्र सुंदर होते. टॅनच्या सुया पाहून काहीतरी बिघडले आहे हे लगेच कळत होते. इथे वक्र गुळगुळीत, अक्ष नेटके, शीर्षक बरोबर, आणि तरीही आलेख साफ खोटा. कागदावर दिसतो तो फलनाचा आलेख नसतो. आपण निवडलेल्या बिंदूंचा आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचा असतो. हे वाक्य मी वर्गात अनेकदा सांगितले आहे, पण आज ते माझ्याच पानावर सिद्ध झाले.

आतापर्यंत झालेले नऊ आलेख संध्याकाळी पुन्हा काढले. प्रत्येक फलनासाठी बिंदू आधी दुप्पट केले, मग एक विचित्र संख्या घेतली, उदाहरणार्थ २००० ऐवजी २०३७, आणि दोन्ही चित्रे एकमेकांवर ठेवली. जिथे ती जुळली नाहीत तिथे बिंदू आणखी वाढवले. साइन(१०० क्ष)साठी प्रत्येक लाटेला ४० बिंदू या हिशेबाने ४००१ बिंदू ठेवले. सोळा छापील पाने वाया गेली.

१९ जानेवारी

साइन(१/क्ष), क्ष ०.००१ ते १. परवाच्या अनुभवानंतर मी बिंदू एकदम एक लाख घेतले, आणि तरी शून्याजवळचा भाग खात्रीचा वाटेना. विचार केल्यावर लक्षात आले की इथे बिंदूंची संख्या हा प्रश्नच नाही, त्यांची वाटणी हा आहे. ०.००१ ते १ या पट्ट्यात सुमारे १५९ लाटा आहेत आणि त्यांतल्या निम्म्या, म्हणजे ऐंशीच्या आसपास, ०.००१ ते ०.००२ एवढ्याशा जागेत कोंबलेल्या आहेत. १००० समान बिंदू घेतले असते तर त्या ऐंशी लाटांच्या वाट्याला दोनच बिंदू आले असते. म्हणून क्ष समान अंतराने घेण्याऐवजी १/क्ष समान अंतराने घेतले, म्हणजे १ ते १००० मध्ये ६४०० बिंदू, आणि त्यांचे व्यस्त काढून क्ष मिळवले. आता प्रत्येक लाटेला सारखेच बिंदू मिळाले.

तरीही कागदाची मर्यादा राहतेच. पंधरा सेंटीमीटर रुंदीच्या चित्रात त्या ऐंशी लाटांना ०.१५ मिलिमीटर जागा मिळते; तिथे काळ्या पट्ट्याशिवाय काही दिसणे शक्य नाही. मग आलेख ०.०२ पाशी थांबवला, त्याच्या डावीकडची जागा फिकट राखाडी ठेवली आणि या भागात वक्र आखलेला नाही असे चित्रातच लिहिले. शून्याजवळ काळा डाग दाखवून 'इथे अनंत लाटा आहेत' असे सुचवण्यापेक्षा हे मला प्रामाणिक वाटले.

२१ जानेवारी

क्ष-चे घनमूळ. १/३ हा घात दिला. उजवी बाजू बरोबर आली, पण डावीकडचा वक्र अक्षाच्या खाली जाण्याऐवजी वर आला, आणि तोही निम्म्या उंचीचा. उणे ८ चा १/३ घात ऑक्टेव्हला विचारला तर उणे २ मिळत नाही. १ अधिक १.७३२१ आय (आय म्हणजे उणे १ चे वर्गमूळ) अशी संमिश्र संख्या मिळते, कारण ते तीन घनमुळांपैकी मुख्य मूळ देते. आलेखात त्याचा काल्पनिक भाग गळून जातो आणि १ एवढाच आखला जातो. वास्तव घनमूळ हवे असेल तर 'एन्थरूट' किंवा 'सीबीआरटी' ही फलने आहेत. वीस मिनिटांत काम झाले.

२४ आणि २५ जानेवारी

(१ वजा कॉस(क्ष)) भागिले क्ष-वर्ग. क्ष शून्याकडे गेला की ही किंमत अर्ध्याकडे जाते, आणि ते दाखवण्यासाठी शून्याच्या जवळ जात जात चार आलेख काढायचे ठरवले होते. पहिले तीन निर्दोष आले. चौथ्यात क्ष-ची व्याप्ती १० च्या उणे आठव्या घाताच्या पाचपट इतकी लहान होती, आणि तिथे गुळगुळीत रेषेच्या जागी करवतीचे दाते उमटले. मध्यभागी किंमत चक्क शून्य, मग एकदम १ वर उडी, तिथून घसरत एक तृतीयांशापर्यंत खाली, पुन्हा दोन तृतीयांशावर उडी, असे चालले होते.

सोळा तारखेचा धडा ताजा असल्याने मी बिंदू वाढवले. हजारांवरून लाखावर गेलो, तेव्हा दाते नाहीसे होण्याऐवजी आणखी धारदार झाले. पूर्ण एक दिवस मी चुकीच्या दिशेने गेलो. बिंदू निर्दोष होते. या वेळी प्रत्येक बिंदूवरची किंमतच चुकत होती.

दुसऱ्या दिवशी कारण सापडले. ऑक्टेव्ह एरवी ज्या प्रकारच्या संख्या वापरते त्यांत १ च्या लगेच खाली येणारी संख्या १ पेक्षा सुमारे १.११ गुणिले १० चा उणे सोळावा घात एवढीच कमी असते, आणि त्या दोहोंच्या मध्ये काहीच नसते. क्ष १० च्या उणे आठव्या घाताएवढा असेल तर कॉस(क्ष) १ च्या इतका जवळ असतो की तो नेमका १ म्हणूनच साठवला जातो. वजाबाकी शून्य होते आणि भागाकारही शून्य. क्ष किंचित मोठा झाला की कॉस एकदम एक पायरी खाली उतरतो, त्या पायरीला तितक्याच लहान क्ष-वर्गाने भागले जाते, आणि उत्तर १ वर उडी मारते. प्रत्येक दात म्हणजे साठवणुकीची एकेक पायरी.

इलाज सूत्रातच करावा लागला. १ वजा कॉस(क्ष) म्हणजे साइन(क्ष/२) च्या वर्गाची दुप्पट. त्या रूपात जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी उरत नाही. नवे सूत्र लिहिले, क्ष = ० ला अर्धा ही किंमत हाताने दिली, आणि चौथा आलेख ०.५ वर सरळ आडवा आला. पुस्तिकेत दोन्ही सूत्रांची चित्रे शेजारी शेजारी ठेवली आहेत. माझ्या मते ते या संचातले सर्वांत उपयोगी पान आहे.

२८ जानेवारी

चौकोनी लाटेची फूरिये श्रेणी, म्हणजे साइनच्या लाटांची बेरीज करून ती लाट मिळवणे. लाट उणे १ आणि १ यांच्यामध्ये उड्या मारते. विषम गुणकांचे साइन जमवत ५, २० आणि ५० पदांची बेरीज आखली. सपाट भाग हळूहळू सपाट होत गेला, पण उडीच्या दोन्ही बाजूंना १ च्या वर डोके काढणारी शिंगे राहिली. मी पुन्हा बिंदू तपासले, साठवणुकीतली चूक तपासली, ५०० पदे घेतली. शिंग उडीच्या अधिक जवळ सरकले आणि अरुंद झाले, पण त्याची उंची १.१७९ वरून हलेना.

इथे चूक नव्हतीच. हा गिब्ज आविष्कार आहे. हेन्री विल्ब्रहॅम यांनी तो १८४८मध्ये मांडला होता, पण तो बराच काळ दुर्लक्षित राहिला. १८९९मध्ये विलर्ड गिब्ज यांनी तो पुन्हा स्पष्ट केला आणि नाव त्यांचे लागले. पदे कितीही वाढवली तरी शिंगाची उंची उडीच्या सुमारे ९ टक्क्यांखाली जात नाही. आधीच्या तीन आठवड्यांत प्रत्येक विचित्र आकार माझ्याच चुकीतून आला होता, म्हणून हाही तसाच असेल असे मी धरून चाललो आणि चार तास गेले. बिंदू दुप्पट करूनही आकार टिकतो, आणि वेगळ्या रीतीने काढलेली किंमतही तीच येते, या दोन गोष्टी पहिल्या अर्ध्या तासातच पाहायला हव्या होत्या. १.१७९ या उंचीवर एक तुटक रेषा काढून आलेख कायम केला.

१ फेब्रुवारी

पृष्ठभाग. झ = क्ष-वर्ग वजा य-वर्ग, म्हणजे घोड्याच्या खोगिराचा आकार. क्ष आणि य यांची जाळी करून देणारी 'मेशग्रिड' ही आज्ञा न वापरता दोन लूप लिहिले आणि पहिला निर्देशांक क्ष-ला, दुसरा य-ला दिला. 'सर्फ'ने खोगीर काढले, ते छान दिसले आणि मी पुढे गेलो. संध्याकाळी सवयीने एक बिंदू हाताने तपासला: क्ष = २, य = ० असताना झ ४ हवा, आणि चित्रात तो उणे ४ होता. सर्फच्या आव्यूहात ओळी य-च्या असतात आणि स्तंभ क्ष-चे; माझे उलटे झाले होते. दोन्हीकडे ६१ बिंदू असल्याने आकारमान जुळले आणि ऑक्टेव्हला आक्षेप घ्यायला जागाच उरली नाही. खोगीर उलटे केले तरी खोगीरच दिसते, त्यामुळे डोळ्यांनाही काही कळले नाही. आता मुद्दाम क्ष-साठी ६१ आणि य-साठी ४१ बिंदू घेतो, म्हणजे उलटापालट झाली की लगेच त्रुटी दाखवली जाते.

दुसरे म्हणजे, बारकावा वाढवण्यासाठी जाळी ५०० गुणिले ५०० केली, तेव्हा सगळा पृष्ठभाग काळा झाला. प्रत्येक चौकटीची काळी कड आखली जाते आणि इतक्या चौकटी झाल्यावर कडांशिवाय काही उरत नाही. कडा बंद करणारा पर्याय आहे, पण छापील चित्रात थोड्या कडांमुळेच वळण कळते, म्हणून जाळीच कमी केली.

४ फेब्रुवारी

क्ष-घन अधिक य-घन बरोबर ३ गुणिले क्ष गुणिले य, म्हणजे देकार्तचे पान. य वेगळा काढता येत नाही, म्हणून 'काँटूर'ने शून्याची समोच्च रेषा काढली. शून्य एकदाच लिहिले तर काँटूर ती रेषांची संख्या समजते, म्हणजे एकही रेषा काढत नाही. चौकटी कंसात ते दोनदा लिहावे लागते. वक्र आला, पण आरंभबिंदूपाशी, जिथे तो स्वतःला छेदतो, तिथे कोपरे कापल्यासारखे दिसले. जाळी बारीक केल्यावर कापलेला भाग लहान झाला, गेला नाही. शेवटी प्राचल रूप घेतले, म्हणजे क्ष आणि य दोन्ही ट या तिसऱ्या चलावरून काढले: क्ष = ३ट भागिले (१ अधिक ट-घन) आणि य म्हणजे त्याच्या ट-पट. ट = उणे १ पाशी नॅन घालून दोन तुकडे केले, आणि छेद स्वच्छ आला.

याच दिवशी (क्ष-वर्ग अधिक य-वर्ग वजा १) या पदावलीचा वर्ग शून्याबरोबर ठेवून पाहिले. चौकट कोरी राहिली. काँटूर चिन्ह बदलते ती जागा शोधते. वर्ग कधीच ऋण होत नाही, त्यामुळे शून्याला स्पर्श करून परतणारे वर्तुळ तिला दिसत नाही.

७ आणि ८ फेब्रुवारी

नावे आणि छपाई. अक्षांना मराठी नावे दिली, तर आधी अक्षरांऐवजी चौकोन आले. देवनागरी फॉन्ट लावल्यावर अक्षरे आली, पण ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या मागे पडला आणि जोडाक्षरे सुटी झाली. 'बिंदू' वाचता येईना. इथे मी फार झटापट केली नाही. नावांशिवाय चित्र एसव्हीजी स्वरूपात साठवले आणि इंकस्केप या चित्रे संपादित करण्याच्या प्रोग्राममध्ये नावे लिहिली, तिथे ती बिनचूक उमटतात. मात्र आलेख बदलला की नावे पुन्हा ठेवावी लागतात, म्हणून हे काम अगदी शेवटी करावे.

काळ्या-पांढऱ्या छपाईत निळी आणि तांबडी रेषा सारखीच राखाडी येते. एकाच चौकटीत दोन वक्र असतील तिथे रंगांवर विसंबणे सोडून एक अखंड आणि एक तुटक रेषा ठेवली.

११ फेब्रुवारी

चोवीस आलेखांसाठी चोवीस स्वतंत्र फाइली केल्या आणि त्या क्रमाने चालवणारी एक मुख्य फाइल लिहिली. प्रत्येक फाइल आधी लांबी तपासते, मग हाताने काढलेल्या एका बिंदूशी किंमत ताडून पाहते, आणि जुळली नाही तर चित्र साठवतच नाही. पहिल्या फेरीत तेवीस चित्रे साठवली गेली. अडलेला एक आलेख घातांकी फलनाचा निघाला: तपासणीसाठी मी क्ष = ७१० घेतला होता, आणि तिथे उत्तर ऑक्टेव्हच्या सर्वांत मोठ्या संख्येपलीकडे जाऊन 'इन्फ', म्हणजे अनंत, होते. आलेख मुळात ५ पर्यंतच होता. तपासणीचा बिंदू ३ केला, फाइल पुन्हा चालवली, आणि चोविसावे चित्र दुपारी छपाईला गेले.